जुनी मारुती ८०० घाटात वारंवार तापते : कारण कसे शोधावे

कऱ्हाडहून चिपळूणला जाताना आमच्या गाडीची कधीच तक्रार नसे. परतीच्या वाटेवर मात्र पोफळी मागे पडून कुंभार्ली घाट चढायला लागला, की तिसऱ्या-चौथ्या वळणापासून तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागे आणि हेळवाक येण्याआधी एकदा तरी कडेला थांबून बॉनेट उघडावे लागे. गाडी १९९७ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८००, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. त्यांनी गाडीच्या कागदपत्रांबरोबर डिकीतला पाच लिटरचा पाण्याचा कॅनही आम्हाला दिला होता. त्या कॅनचा अर्थ तेव्हाच लक्षात यायला हवा होता, पण आम्ही पुढे जवळजवळ दोन वर्षे तो इमानेइतबारे भरत राहिलो, आणि तोही घरामागच्या बोअरच्या पाण्याने.

त्या काळात तीन गॅरेजे झाली. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची वाट अडवून धरणारा व्हॉल्व, काढून टाकण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी पंख्याची मोटर बदलली. तिसऱ्या ठिकाणी हेड गॅस्केट (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्या मधली सीलबंद पट्टी) गेले असणार, असे सांगून हेड उतरवण्याचा सल्ला मिळाला. प्रत्येक वेळी गावातल्या गावात गाडी नीट चालली आणि पुढच्या चिपळूण फेरीला पुन्हा घाटात उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी एक प्रश्न कोणी विचारला नाही आणि आम्हीही तो स्वतःहून सांगितला नाही : गाडी नेमकी केव्हा तापते? थांबल्यावर, चढावर, सपाट रस्त्यावर वेगात, की सुरू केल्यापासून पाच मिनिटांतच? या उत्तरात अर्धे निदान असते. उरलेले अर्धे दुसऱ्या प्रश्नात असते : पाणी कमी होत असेल तर ते जाते कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरे हाती नसताना सुटे भाग बदलत जाणे म्हणजे पैसे घालवून आजार तसाच ठेवणे होय, हे आम्हाला अनुभवाने पटले आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज दिसणारी सर्वांत नवी ८००सुद्धा दहा वर्षांपलीकडची आहे. तिचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन मुळात काटक आहे, आणि पुढे जे दोष सांगितले आहेत ते त्या बनावटीचे नसून वयाचे, कठीण पाण्याचे आणि अर्धवट दुरुस्त्यांचे आहेत. एक गोष्ट मात्र या इंजिनाबद्दल ध्यानात ठेवावी. खालचा ब्लॉक बिडाचा आहे आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे गाडी एकदा जरी कडकडून तापली तरी हेड वाकण्याचा आणि मधले गॅस्केट दगावण्याचा धोका असतो. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर ‘आता घर दोन किलोमीटरवर आले आहे’ म्हणून गाडी तशीच रेटणे हीच यातली सर्वांत महाग चूक आहे.

सर्वांत स्वस्त भागापासून सुरुवात

रेडिएटरचे (इंजिनातले गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या जाळीचे) टोपण हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ते केवळ झाकण नसून दाब धरून ठेवणारा व्हॉल्व आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. टोपणावर ०.९ असा आकडा छापलेला असेल, तर ते आतला दाब वातावरणापेक्षा तेवढा जास्त वाढू देते आणि त्यामुळे साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाची रबरी चकती कडक झाली किंवा स्प्रिंग मेली, की ही १८ अंशांची सवलत संपते. इंजिन प्रत्यक्षात फार तापलेले नसतानाही पाणी खदखदू लागते, रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या, म्हणजे रिझर्व बाटलीतून बाहेर सांडते आणि मालकाला वाटते की गाडी तापली.

टोपणाला मध्यभागी दुसरा एक लहानसा व्हॉल्वही असतो. इंजिन थंड होताना आत पोकळी निर्माण होते, तेव्हा हा व्हॉल्व उघडून रिझर्व बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. तो बिघडला असेल तर दोन खुणा दिसतात. सकाळी वरचा होज पाइप चपटा होऊन बसलेला आढळतो, आणि रिझर्व बाटली काठोकाठ असूनही रेडिएटर मात्र वरून रिकामा असतो. बरेच जण फक्त बाटलीकडे पाहून पाणी ठीक आहे असे समजतात. जुन्या गाडीत बाटलीवर विश्वास ठेवू नये. इंजिन पूर्ण थंड असताना टोपण काढून रेडिएटरच्या तोंडापर्यंत पाणी आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. टोपणाची किंमत किरकोळ असते. चकतीला भेगा दिसत असतील तर चाचणीच्या फंदात न पडता त्याच आकड्याचे नवे टोपण बसवावे. जास्त आकड्याचे टोपण बसवून गाडी तापायची थांबेल, ही समजूत चुकीची आहे. वाढलेला दाब जुन्या होज पाइपांना आणि रेडिएटरच्या झाळलेल्या सांध्यांना सोसत नाही.

गाडी केव्हा तापते?

गाडी सिग्नलला किंवा बाजारपेठेत उभी असताना तापत असेल आणि चालू लागली की काटा खाली येत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फक्त पंख्याचाच असतो. ८०० चा पंखा विजेवर चालतो आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याला थर्मोस्विच, म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच, चालू-बंद करतो. इंजिन बंद पण चावी चालू ठेवून थर्मोस्विचचे कनेक्शन काढावे. वायर दोन असतील तर त्या एकमेकींना जोडाव्यात, एकच असेल तर ती इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावी. पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक असून दोष स्विचमध्ये आहे. फिरला नाही, तर आधी फ्यूज, मग कनेक्टरमधला गंज आणि शेवटी मोटर असा क्रम ठेवावा. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पंख्याचा हुकूम इंजिनचा संगणक देतो, म्हणून तिथे वायरी जोडून पाहण्याचा हा प्रयोग करू नये.

पंखा फिरतो, एवढ्यावर समाधान मानू नये. आमच्या गाडीला दुसरी मोटर बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता, हे पुष्कळ दिवसांनी कळले. तो रेडिएटरमधून हवा आत ओढण्याऐवजी पुढे ढकलत होता, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत होता. तपासण्याची रीत अगदी साधी आहे. पंखा चालू असताना वर्तमानपत्राचा तुकडा जाळीच्या पुढच्या बाजूने रेडिएटरजवळ न्यावा. तो जाळीला चिकटला तर दिशा बरोबर आहे, उडून गेला तर उलटी. हा कागद रेडिएटरवरून गळून बंपरवर पडला, तो क्षण आमच्या चांगला स्मरणात आहे, कारण वर्षभराच्या त्रासात पहिल्यांदाच एखादा दोष डोळ्यांनी दिसला होता.

गाडी गावात ठीक असेल आणि चढावर किंवा वेगात तापत असेल, तर पंखा बहुधा निर्दोष असतो. तिथे प्रश्न असतो तो रेडिएटरमधून पाणी पुरेसे वाहते का आणि जाळीतून हवा पुरेशी जाते का, हा. बाहेरून पाहता येणारी गोष्ट आधी पाहावी. रेडिएटरच्या पात्यांत चिखल, किडे आणि गवताचे तुसे अडकलेले असतात. एसीची गाडी असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तर गोधडीसारखा थर साचतो आणि तो पुढून मुळीच दिसत नाही. पाण्याची धार इंजिनच्या बाजूकडून पुढे अशी, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, हलक्या दाबाने मारावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार पंपाने पाती आडवी होतात आणि होती ती वाटही बुजते.

इंजिन थंड असताना सुरू केले आणि पाच-सात मिनिटांतच काटा वर चढला, पण वरचा होज पाइप हाताला अजून थंडच लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला आहे. तो काढून त्यावर छापलेले तापमान वाचावे. बहुधा ते ८२ अंश असते. मग दोऱ्याला बांधून तो पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, थर्मामीटर धरून पाणी तापवावे आणि छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागतो का, हे पाहावे. उकळत्या पाण्यातही तो उघडला नाही तर बदलावा.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी सरसकट पद्धत आपल्याकडे पडली आहे, ती इंजिनचे नुकसान करणारी आहे. ‘आपल्या गरम हवेत त्याची गरज नाही’ हे कारण ऐकायला पटते, पण थर्मोस्टॅट हवेसाठी नसून इंजिनला त्याच्या योग्य तापमानाला लवकर नेऊन तिथे ठेवण्यासाठी असतो. तो नसेल तर इंजिन बराच वेळ गार राहते, चोक जास्त ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइल पातळ करते. शिवाय खरा दोष झाकला जातो. आमच्या गाडीत नेमके हेच झाले. थर्मोस्टॅट काढल्यावर सपाट रस्त्यावर काटा इतका खाली राहू लागला, की रेडिएटर अर्धा बुजलेला आहे, हे घाटाशिवाय कुठेच कळेना.

फॅन बेल्टसाठी वेगळे निदान लागत नाही. या इंजिनात तोच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप, दोन्ही फिरवतो. म्हणून बॅटरीचा लाल दिवा लागून पाठोपाठ काटा चढू लागला तर पट्टा तुटलेला आहे असे समजून तत्काळ थांबावे. पट्टा सैल असेल तर तो चढावर घसरतो आणि किरकिरतो. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर तो ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे.

आणि काही वेळा गाडी तापलेलीच नसते. हेडलाइट लावल्याबरोबर काटा वर उडत असेल आणि बंद केल्यावर खाली येत असेल, तर तो दोष मीटरच्या अर्थिंगचा आहे, पाण्याचा नाही.

पाणी कुठे जाते?

बंदिस्त व्यवस्थेत पाणी संपत नसते. दर आठवड्याला अर्धा लिटर घालावे लागत असेल, तर ते बाहेर गळते आहे किंवा इंजिनच्या आत जाते आहे, तिसरी शक्यता नाही. गळती असूनही जमिनीवर थेंब दिसेलच असे नाही, कारण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब खाली पोहोचण्याआधी वाफ होऊन जातो. मागे उरतो तो फक्त डाग. साध्या पाण्याचा डाग पांढरट किंवा गंजाच्या रंगाचा असतो आणि कूलंटचा (साध्या पाण्याऐवजी भरायच्या खास द्रवाचा) हिरवट किंवा गुलाबीसर, पापुद्र्यासारखा. म्हणून गळती शोधायची ती सकाळी, इंजिन थंड असताना, टॉर्च घेऊन आणि डागांच्या मागाने.

होज पाइपांची टोके, क्लिपांखालचा भाग, रेडिएटरच्या टाकीचा सांधा आणि हीटरकडे जाणारे दोन बारीक पाइप ही नेहमीची ठिकाणे. होज पाइप दाबून पाहावा. तो दगडासारखा कडक किंवा उलट लोण्यासारखा मऊ लागत असेल आणि वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर गळण्याची वाट पाहू नये. पुढच्या डाव्या सीटसमोरचे पायपुसणे ओले असेल आणि काच आतून धुरकट होत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या ठोकून बसवलेल्या असतात, त्यांना वेल्च प्लग म्हणतात. वर्षानुवर्षे साधे पाणी घातलेल्या गाडीत या चकत्या आतून गंजतात आणि टाचणीएवढ्या भोकातून हळूहळू पाणी सोडतात.

पाण्याच्या पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावे, हा त्यामागचा हेतू आहे. पुष्कळदा ते भोक एमसील लावून बुजवलेले आढळते. तसे केल्याने गळती थांबलेली दिसते, पण पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि काही महिन्यांत पंपच जाम होतो. आमच्या गाडीत या भोकाखाली पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच पांढरी रेघ होती. इंजिन चालू असताना तिथे काहीही गळत नसे. रात्री गाडी थंड होऊन धातू आकसला की दोन-चार थेंब येत आणि सकाळपर्यंत वाळून जात. आम्ही त्या जागेवर खडू घासून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्या खडूवर ओघळाची ओली वाट उमटलेली होती. पंपाची पुली धरून हलवली असता किंचित खेळही जाणवला. पंप बदलला.

हेड गॅस्केटचा संशय कधी घ्यावा

बाहेर कुठेही डाग नाही, तरीही पाणी कमी होते, अशा वेळी हेड गॅस्केटकडे वळावे, त्याआधी नाही. हेड उतरवणे हे खर्चाचे आणि कौशल्याचे काम आहे आणि केवळ अंदाजावर ते कोणी करू नये, कारण उतरवण्याआधी करता येतील अशा चार-पाच चाचण्या आहेत.

इंजिन रात्रभर थंड झालेले असताना टोपण काढून रेडिएटर काठोकाठ भरावा आणि इंजिन सुरू करावे. पहिल्या मिनिटात थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा होती. पण बुडबुडे सतत येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. टोपण लावून सुरू केल्यावर, पाणी कोमट होण्याच्याही आधी वरचा होज पाइप टणक झाला, तर त्याचाही अर्थ तोच आहे. तिन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत. दोन प्लग तपकिरी आणि एक धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना गाडी एका सिलिंडरवर मिसिंग करते आणि थोड्या वेळाने सावरते, हीदेखील त्याचीच खूण होय. सायलेन्सरमधून इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहणे आणि डिपस्टिकवरचे ऑइल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे होणे, या खुणा उशिरा दिसतात. फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस असेल तर घाबरू नये. रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, हवेतल्या दमटपणामुळेही तो जमतो. ऑइल दुधाळ झाले असेल, तर मात्र इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

हेड उतरवावेच लागले, तर नुसते गॅस्केट बदलून ते परत बसवू देऊ नये. हेडच्या तळावर सरळ धारेची पट्टी उभी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप, सरकवून पाहावे. ०.०५ मिलिमीटरचे पाते आत जात असेल तर हेड वाकले आहे आणि लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट करून, घेतलेच पाहिजे. बसवताना बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा उघडावे लागण्याची शक्यता फार मोठी असते. त्या कामाबरोबर टायमिंग बेल्ट नवा घालून घ्यावा, कारण तो काढावाच लागतो.

आमच्या गाडीत या सगळ्या चाचण्या निर्दोष आल्या. तिसऱ्या गॅरेजचा सल्ला मानून हेड उतरवले असते, तर चांगले गॅस्केट फेकून गाडी तितकीच तापत राहिली असती.

रेडिएटर उघडल्यावर

पंखा सुलटा केला, नवे टोपण आणि नवा थर्मोस्टॅट बसवला, पंप बदलला आणि पाणी कमी व्हायचे पूर्ण थांबले, तरीही चढावर काटा मध्याच्या वर जातच होता. मग इंजिन तापवून बंद केले, पंख्याची वायर काढून ठेवली आणि रेडिएटरच्या पाठीवर वेगवेगळ्या ठिकाणी सावधपणे हात लावून पाहिला. चांगल्या रेडिएटरमध्ये पाणी जिथून आत येते तिथपासून जिथून बाहेर पडते तिथपर्यंत उष्णता सारखी उतरत जाते. आमच्याकडे वरचा भाग चटका देत होता आणि खालचा उजवा कोपरा जवळजवळ गार होता. गार भाग म्हणजे जिथून पाणी वाहतच नाही असा भाग.

रेडिएटरचे काम करणाऱ्या कारागिराने गॅसच्या ज्योतीने सांध्यावरचे झाळण वितळवून वरची टाकी वेगळी केली, तेव्हा नळ्यांची तोंडे दिसली. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या नळ्यांची तोंडे राखाडी-पांढऱ्या खड्यांनी बंद झाली होती. बोअरचे पाणी गरम करताना बंबाच्या आत जो चुना चढतो, तोच हा, फक्त त्यात गंजाचा तपकिरी गाळ मिसळून त्याचा सिमेंटसारखा घट्ट थर झाला होता. आपल्या पठारावरच्या बऱ्याच गावांत बोअरचे पाणी कठीण असते, आणि आम्ही दर फेरीला तेच ओतत होतो. कमी झालेले पाणी भरून काढणाऱ्या प्रत्येक कॅनबरोबर पुढच्या तापण्याची सोय होत होती. पंपाच्या सीलमधून रोज जाणारे चार थेंब आणि बुजलेल्या नळ्या हे दोन वेगळे आजार नव्हते, एकाने दुसऱ्याला पोसले होते.

तांब्या-पितळेचा रेडिएटर असल्याने नळ्यांतून सळई घालून तो साफ करता आला. गॅरेजच्या भाषेत याला रॉडिंग म्हणतात. वरची टाकी प्लॅस्टिकची आणि जाळी ॲल्युमिनियमची असेल, तर अशा रेडिएटरचे रॉडिंग करण्याचा आग्रह धरू नये. नळ्या नाजूक असतात आणि त्यात नवा रेडिएटरच परवडतो. बाजारातली साफ करण्याची रसायने सौम्य गाळासाठी ठीक आहेत, पण बुजलेली नळी त्यांनी उघडत नाही, कारण बंद नळीत रसायन वाहतच नाही. गळती बंद करणारी पावडर तर मुळीच घालू नये. ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही.

कूलंट भरण्याची रीत

सगळे जोडून झाल्यावर ब्लॉकमधले जुने पाणी नळाच्या धारेने स्वच्छ येईपर्यंत काढून टाकावे आणि शेवटची खंगाळणी डिस्टिल्ड वॉटरने करावी. मग कूलंट भरावे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये, घट्ट कूलंट असेल तर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखे, असे नसते, त्यामुळे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ असे विचारले जाते. पाणी गोठू न देणे हे त्याचे एक काम झाले. आपल्या हवामानात त्याचा उपयोग उत्कलनबिंदू वाढवणे आणि बीड, ॲल्युमिनियम व तांबे यांना गंजण्यापासून वाचवणे, हा आहे.

भरताना हीटरचा दांडा गरमच्या टोकाला ठेवावा, शक्य असल्यास गाडीचे तोंड चढाकडे करावे, टोपण काढून इंजिन चालू ठेवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरावे. ही घाई केली तर आत हवा अडकते आणि नव्या दुरुस्तीनंतरही पहिल्याच दिवशी काटा चढतो. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि ते त्यांना जीवघेणे ठरते.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा लालकडे जाऊ लागला, की एसी बंद करावा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू करावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असल्याने तेवढ्या अंतरापुरती उष्णता बाहेर पडते. वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नये. टोपणाला तर किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नये. दाबाखालचे पाणी टोपण सैल होताच उसळते आणि तोंड, छाती भाजते. इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे आणि पदर-ओढणी त्यापासून दूर ठेवावी. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतण्याचा मोह फार होतो, विशेषतः शेजारी ओढा असेल तर, पण त्याने हेडला तडा जाऊ शकतो. हाताला सोसेल इतके थंड झाल्यावरच, इंजिन चालू ठेवून, पाणी बारीक धारेने घालावे.

इतके सगळे तपासूनही दोष सापडला नाही, तर थंड करणाऱ्या व्यवस्थेच्या बाहेर पाहावे. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) हलून ठिणगीचे टायमिंग मागे पडलेले असेल, तर गाडीला पिकअप राहत नाही आणि ती तापते. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकून पेट्रोल कमी येत असेल तरीही तेच होते. ब्रेक धरून ठेवत असेल, तर पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांच्या मध्यावर हात नेऊन पाहावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथले ब्रेक जाम आहेत आणि इंजिन विनाकारण ओढ काढते आहे.

दुरुस्तीनंतर आम्ही रिझर्व बाटलीवर, थंड इंजिनाच्या पातळीला, काळी चिकटपट्टी लावली आणि दर रविवारी सकाळी पातळी पाहून वहीत तारीख लिहायला सुरुवात केली. पहिल्या दोन आठवड्यांत पातळी बोटभर उतरली, ती आत राहिलेली हवा निघाल्यामुळे. तेवढे कूलंट घातल्यानंतर ती हललेली नाही. मे महिन्यात चार माणसे आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन दुपारी दोन वाजता पोफळीहून घाट चढलो, तेव्हा काटा मध्यापर्यंत आला, पंखा दोनदा लागला आणि हेळवाकच्या पुढे चहाला थांबेपर्यंत काटा तिथून हलला नाही. डिकीत आता बोअरच्या पाण्याच्या जागी तयार कूलंटची एक लिटरची सीलबंद बाटली आणि एक जास्तीचा फॅन बेल्ट असतो.